वापरणाऱ्याच्या डोक्याने चालणारी छोटी भाषा कशी आखावी: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

लोकांना आपापले नियम स्वतःच संगणकाला सांगता यावेत, म्हणून तुम्ही काहीतरी बनवायला घेतलंय असं धरून हे लिहितोय. फॉर्म्युला लिहायची सोय असेल, नियम भरायचं टूल असेल, नाहीतर छोटीशी प्रोग्रॅमिंग भाषाच असेल. कॉलेजात कंपायलरच्या पेपरात व्याकरण कसं लिहायचं, पार्सर (लिहिलेलं वाचून त्याची फोड करणारा भाग) कसा बांधायचा हे सगळं शिकवतात. त्या व्याकरणात मुळात काय असावं आणि ते कोणाला विचारून ठरवावं, हे मात्र कुणी सांगत नाही. मग जो तो आपल्याला येणाऱ्या भाषेची छोटी आवृत्ती काढतो, चार शब्द मराठीत करतो आणि लोक वापरत नाहीत म्हणून हळहळतो.

उदाहरण शेवटपर्यंत एकच ठेवतो: गावच्या दूध संस्थेचा सचिव. फॅट आणि एसएनएफवरून (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) दर, उचलीची कपात, दहा दिवसांचं बिल हे त्याचं रोजचं काम. दर बदलला की प्रत्येक वेळी सॉफ्टवेअरवाल्याला फोन करायला लागू नये, एवढीच त्याची अपेक्षा. अशा टूलवर मी काम केलंय, त्यामुळे खाचखळगे ओळखीचे आहेत. खालचे दर आणि कपातीचे आकडे उदाहरणापुरते आहेत.

सुरू करण्यापूर्वी जवळ ठेवा

- चालू दरपत्रकाची प्रत आणि जुनी एक-दोन दरपत्रकं
- खऱ्या बिलांच्या झेरॉक्स, सभासदांची नावं झाकून. त्यात दोन-चार भांडणाची बिलं हवीतच
- वही, कोरी कार्डं, पेन्सिल, खोडरबर
- आवाज रेकॉर्ड करायचा असेल तर समोरच्याची परवानगी, तीही आधी घेतलेली
- तो माणूस खरोखर वापरतो तो फोन किंवा कॉम्प्युटर, त्यावरच्या कीबोर्डसकट
- लॅपटॉप, पण बॅगेत. पहिल्या भेटीत बाहेर काढायचा नाही

१. एकच माणूस समोर धरा

'सगळ्यांसाठी सोपी भाषा' असं काही नसतं. सचिव, तालुक्याचा लेखापरीक्षक आणि तुमच्या टीममधला नवीन पोरगा हे तिघं त्याच बिलाकडे तीन तऱ्हांनी बघतात. ज्याच्या हातात ते रोज असणार, त्याच्यासाठी आखा. बाकीच्यांना वाचता आलं तरी पुरे.

हे फक्त 'साध्या' माणसांपुरतं नाही. २००७ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या ब्रॅड मायर्स यांच्या गटाने कसलेल्या प्रोग्रॅमरांवर एक प्रयोग केला. प्रोग्रॅममधली वस्तू (ऑब्जेक्ट) सरळ कन्स्ट्रक्टरने तयार करायची की फॅक्टरी पॅटर्नने, म्हणजे ती बनवून देणाऱ्या दुसऱ्या वस्तूकडून मागून घ्यायची, एवढाच फरक. फॅक्टरीवाल्यांना बराच जास्त वेळ लागला. तेव्हा तुमचा वापरकर्ता इंजिनिअर असला तरी पुढच्या पायऱ्या गाळू नका.

२. भाषा खरंच लागते का?

बहुतेक वेळा लागत नाही. एक तक्ता आणि चार रकाने यात काम भागत असेल तर तेवढंच द्या आणि सुखाने झोपा.

१९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी व्हिझिकॅल्क आणलं. हिशेबनीस कागदावर जे आडवे-उभे रकाने आखत होते तेच त्यांनी पडद्यावर आणलं, फक्त एक आकडा बदलला की बाकीचे आपोआप बदलू लागले. ते वापरणाऱ्या कुणाला आपण प्रोग्रॅम लिहितोय असं वाटलं नाही, आणि लिहीत तर होतेच. तुमच्या सचिवाकडे दरपत्रकाचा तक्ता आधीपासून असतो: वरती एसएनएफ, बाजूला फॅट, मध्ये दर. तो तक्ता जसाच्या तसा भरून घेता आला, तर निम्मी 'भाषा' तिथेच संपते. उरतात ते अपवाद, कपाती आणि मर्यादा. त्या तक्त्यात बसत नाहीत, आणि खरं काम तिथून सुरू होतं.

३. काहीही न दाखवता विचारा

सगळ्यात जास्त वेळ या पायरीला द्या.

मायर्स यांच्याच गटात जॉन पेन यांनी प्रोग्रॅमिंग न येणाऱ्या मुलांना विचारलं होतं की पॅक-मॅनचा खेळ संगणकाला कसा समजावून सांगाल? प्रश्न शब्दांत न घालता त्यांनी चित्रं आणि हलती दृश्यं दाखवली आणि मजकूर जेमतेम ठेवला. कारण उघड आहे. प्रश्नात जे शब्द येतील तेच उत्तरात परत येतात. 'फॅट कमी असेल तर काय कराल?' असं विचारलंत की 'तर' तुम्हीच त्याच्या तोंडात घातलात. मग सगळ्यांनी 'जर-तर' वापरलं म्हणून आनंद मानण्यात अर्थ नाही.

आपल्याकडे चालतात असे दोन प्रकार:

पहिला, बिल समोर ठेवायचं, एका आकड्याभोवती पेन्सिलने गोल करायचा आणि म्हणायचं, 'हा कसा आला?' बस्स. मध्ये बोलायचं नाही.

दुसरा, 'उद्यापासून तुमच्या जागेवर नवीन मुलगा बसणार आहे. त्याला समजेल अशी चिठ्ठी लिहून ठेवा.' बोलताना माणूस हातवारे करून वेळ मारून नेतो. लिहायला लागला की नेमकेपणा येतो. कुठे तो थांबून पेन चावतो तेही टिपा, कारण तुमची भाषा तिथेच अवघड होणार असते.

इथे फसायला होतं ते असं. सोबत संस्थेचे चेअरमन बसले, तर सचिव नियम जसा असायला हवा तसा सांगतो, जसा चालतो तसा नाही. एकट्याला गाठा. संकलनाच्या वेळी जाऊ नका, सकाळच्या दुधाची गर्दी सरल्यावर जा. आणि तो चुकीचं सांगतोय असं वाटलं तरी दुरुस्त करू नका. त्याच्या मनातलं चित्र चुकीचं असेल, तर तुम्हाला तेच तर हवंय.

४. जमलेली वाक्यं चाळा

समजा अशी एक चिठ्ठी हाती आली:

'गाईला साडेतीन-साडेआठ बेस. वर गेलं की पॉइंटाला तीस पैसे द्यायचे. खाली आलं की कापायचे. आठ-दोनच्या खाली एसएनएफ आलं की दूध घ्यायचंच नाही. खाद्याची उचल असेल ती बिलातून वळती करायची, फिटेपर्यंत. पण निम्म्याच्या वर कापू नका, माणूस ओरडतो.'

ही ओळ-ओळ घेऊन बसा. प्रोग्रॅमर म्हणून तुम्हाला फक्त त्रुटी दिसतील. दुसऱ्यांदा वाचताना त्या माणसाचा विचार कसा चालतो ते बघा.

'साडेतीन-साडेआठ' म्हणजे फॅट ३.५ आणि एसएनएफ ८.५. हे कुणाला सांगावं लागतं असं त्याला वाटतच नाही. जोडीतला पहिला आकडा फॅटचाच असतो. तुमच्या भाषेत ही जोडी जोडी म्हणूनच लिहिता आली पाहिजे. दोन वेगळी 'व्हेरिएबल' करायला लावलीत तर त्याला ते परकं वाटणार.

'पॉइंट' म्हणजे ०.१. एक नव्हे. हे ज्याने विचारलं नाही त्याचं पहिलं बिल दहापट चुकणार. आणि तीस पैसे फॅटच्या पॉइंटाला की एसएनएफच्या? खाली आल्यावर कापायचे तेही तीसच? चिठ्ठी यावर गप्प आहे. अशा गप्प जागा वेगळ्या रंगाने खुणवा. टूलने त्या विचारल्या पाहिजेत, स्वतःच्या मनाने भरायच्या नाहीत.

'वर गेलं की', 'खाली आलं की'. पेन यांच्या अभ्यासातल्या मुलांनीही बरंचसं असंच लिहिलं होतं: अमुक घडलं की तमुक. वरून खाली एकेक पायरी, अशी आपल्या सवयीची मांडणी तुलनेने कमी होती.

'नाहीतर' कुठेच नाही. दूध ठीक असेल तर काय करायचं हे तो लिहीत नाही, ते उघडच आहे. आयबीएममध्ये एल. ए. मिलर यांनी १९८१ सालीच, सामान्य माणसं कामाची कृती कशी लिहितात ते तपासलं होतं. त्यातही 'नाहीतर'ची बाजू लोक सोडून देत असल्याचं दिसलं. म्हणजे प्रत्येक अटीला 'नाहीतर' सक्तीचं करणारी भाषा इथे डोक्याला ताप होणार.

लूपही नाही. 'प्रत्येक सभासदासाठी एकेक करून' असं कुणी म्हणत नाही, 'सगळ्यांची बिलं काढायची' म्हणतात. पेन यांनाही हेच आढळलं, आणि २००२ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या 'हँड्स' या भाषेत त्यांनी अख्ख्या गटावर एकदम काम करण्याची सोय ठेवली. ती आणि सोबतच्या आणखी दोन सोयी काढून घेतलेली आवृत्ती मुलांना दिली, तेव्हा मुलं मागे पडली.

अपवाद शेवटी येतो आणि आधीच्यावर मात करतो. 'पण निम्म्याच्या वर कापू नका.' बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत हा 'पण' लिहायला वर जाऊन मूळ वाक्य मोडावं लागतं. तुमच्या भाषेत तो खालीच राहू द्या.

आता सगळ्यात फसवा शब्द, 'फिटेपर्यंत'. बाकी १,२०० आहे आणि दर बिलाला ५०० कापायचे. सचिवाच्या मनात ५००, ५०० आणि शेवटी २००. बाळबोध प्रोग्रॅम तिसऱ्यांदाही ५०० कापतो आणि बाकी उणे ३०० करून ठेवतो. इलियट सोलोवे आणि जेफ्री बोनार यांनी ऐंशीच्या दशकात नवशिक्यांच्या चुका तपासल्या, तेव्हा याचाच भाऊबंद सापडला: अट मोडली रे मोडली की 'व्हाइल' लूप (अट खरी आहे तोवर तेच काम पुन्हा पुन्हा करणारा) त्या क्षणी थांबतो असं अनेकांना वाटत होतं, मग ओळ मधली का असेना. रोजच्या बोलण्यात 'फिटेपर्यंत'चा अर्थ तोच आहे. दोष माणसाचा नाही. भाषेत 'कपात' ही गोष्ट अशी घाला की ती बाकीच्या पलीकडे जाऊच शकत नाही.

'आणि'कडेही लक्ष ठेवा. 'गाय आणि म्हैसवाल्यांना वेगळी पावती' यात दोन्ही जनावरं असलेले की दोनपैकी एक असलेलेही? अशा ठिकाणी शब्दांचा नाद सोडून खुणा करायचे रकाने दिलेले बरे. पेन आणि मायर्स यांनी शब्दांतल्या अटी आणि तक्त्यात भरायच्या अटी शेजारी ठेवून तपासल्या. नवीन अट तयार करताना तक्ता वापरणारे अधिक बरोबर होते.

५. माणसालाच संगणक करा

अजून कोड नाही. कार्डावर तुमच्या भाषेचा पहिला खर्डा लिहा. वरच्या चिठ्ठीवरून, गप्प जागा विचारून भरल्यावर, असा काहीसा होईल:

दूध: गाय
पाया: ३.५ – ८.५, दर ३५.००
फॅट: पॉइंट वर ०.३०, पॉइंट खाली ०.५०
एसएनएफ: पॉइंट वर ०, पॉइंट खाली ०.५०
नाकारा: एसएनएफ ८.२ च्या खाली
कपात: उचल, दर बिलाला ५००
पण: एकूण कपात बिलाच्या निम्म्यापर्यंत

सचिवाला कोरं कार्ड द्या आणि म्हशीचे नियम लिहायला सांगा (तिथे पाया ६ – ९). तुमचा एक सहकारी टेबलापलीकडे 'संगणक' होऊन बसेल. त्याने कार्डावर लिहिलंय तेवढंच करायचं, समजून घ्यायचं नाही. पावती पुढे करा: गाय, फॅट ३.८, एसएनएफ ८.४. संगणकबुवा मोठ्याने बोलतील: पाया ३५, फॅट तीन पॉइंट वर म्हणून ९० पैसे अधिक, एसएनएफ एक पॉइंट खाली म्हणून ५० पैसे उणे, दर ३५.४०. सचिवाने मान डोलावली तर पुढची पावती. 'असं कसं?' म्हणाला तर वही काढा.

पावत्या मुद्दाम कडेच्या निवडा. एसएनएफ नेमकं ८.२. फॅट ३.५ पण एसएनएफ ८.१. उचल बिलापेक्षा मोठी. 'खाली' मध्ये ८.२ येतं का, यावर तुमच्या डोळ्यांदेखत वाद झाला पाहिजे. तो वाद कार्डावर मिटवणं फुकट आहे. बिलं वाटून झाल्यावर मिटवणं फार महागात पडतं.

संगणक होणारा माणूस हुशार नको. खरंच सांगतो. हुशार माणूस नकळत सांभाळून घेतो आणि तुमच्या भाषेतलं भगदाड झाकलं जातं. रॉय पी यांनी १९८६ मध्ये लिहिलं होतं की नवशिक्यांच्या अनेक चुकांच्या मुळाशी एकच समजूत असते, यंत्राच्या आत कुणीतरी बसलंय आणि त्याला आपल्या मनातलं कळतं. तुमच्या सहकाऱ्याने ही समजूत घट्ट करायची नाहीये.

६. एक बदल करून पाहा

नवीन लिहिणं किती सोपं, यावरच सगळे भाळतात. रोजचं काम असतं जुनं बदलण्याचं.

थॉमस ग्रीन यांनी १९८९ मध्ये अशा तपासणीसाठी काही कसोट्या मांडल्या आणि पुढे मारियान पेट्र यांच्यासोबत १९९६ मध्ये त्या तपशिलात वापरून दाखवल्या. सगळ्या पाठ करायची गरज नाही. मी तीन वापरतो.

चिवटपणा: दर ५० पैशांनी वाढला तर किती ठिकाणी हात लावावा लागतो? एकापेक्षा जास्त असेल तर मांडणी चुकली. ग्रीन-पेट्र यांनी चित्रं जोडून प्रोग्रॅम करायच्या लॅबव्ह्यूमध्ये आणि साध्या मजकुराच्या बेसिकमध्ये तोच बदल करून पाहिला, तर लॅबव्ह्यूमध्ये कितीतरी जास्त वेळ गेला. ठोकळे आणि बाण दिसायला गोड असतात, म्हणून आधीच हुरळून जाऊ नका.

लपलेले धागे: एक आकडा बदलला की कुठे काय हलतं ते दिसतं का? एक्सेलचं जुनं दुखणं हेच.

अवेळी ठरवायला लावणं: फॅटचे नियम लिहायच्या आधी 'प्रकार निवडा, नाव द्या, श्रेणी ठरवा' असं विचारत असाल, तर ते प्रश्न पुढे ढकला.

७. शब्द निवडा, पण त्यांच्यातच अडकू नका

आंद्रेआस स्टेफिक आणि सुझॅना सीबर्ट यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवशिक्यांना वेगवेगळ्या भाषांत छोटे प्रोग्रॅम लिहायला दिले. त्यातली एक भाषा अशी होती की तिच्यातले शब्द चक्क यादृच्छिक निवडलेले. जावा आणि पर्लवाले त्या भाषेवाल्यांपेक्षा लक्षणीय अचूक निघाले नाहीत. पायथन, रुबी आणि स्टेफिक यांचीच क्वोरम या भाषांत लिहिणारे मात्र निघाले. म्हणजे आपल्याला 'स्वाभाविक' वाटणारे कंस आणि अर्धविराम ही निव्वळ आपली सवय आहे.

हा अभ्यास इंग्रजी शब्दांवरचा. त्यावरून मराठीत काय चालेल ते ठरत नाही, ते तुम्हालाच विचारावं लागेल. दोन-तीन पर्याय कार्डांवर लिहा आणि 'यातलं कोणतं वाचून तुम्ही काय कराल?' असं विचारा. 'कोणतं आवडलं?' असं विचारू नका, लोक भारदस्त शब्द निवडतात. 'अस्वीकृत' आवडतो, 'नाकारा' समजतो. फॅट, पॉइंट, बेस, उचल हे शब्द आहेत तसे ठेवा. 'स्निग्धांश' लिहून कुणाचं भलं होत नाही.

भाषा वाढत जाणारी असेल तर फेलिएन हर्मान्स यांनी २०२० मध्ये सुरू केलेली हेडी जरूर पाहा. तिच्यात नियम पायरीपायरीने कडक होत जातात, सुरुवातीला अवतरणचिन्हंही लागत नाहीत, आणि आज्ञा इंग्रजीतच असल्या पाहिजेत असंही नाही.

मराठीची खरी अडचण शब्दसंग्रहाची नाही, प्रत्ययांची आहे. दूध, दुधाचा, दुधाला. गाय, गाईचं. म्हैस, म्हशीचं. सामान्यरूप होताना शब्दच बदलतो. 'वाट्टेल तसं मराठी लिहा, आम्ही समजून घेऊ' असं वचन दिलंत की ही सगळी रूपं तुमच्या गळ्यात. त्याहून वाईट म्हणजे माणसाला काय चालतं आणि काय नाही याचा अंदाजच येत नाही. ॲपलस्क्रिप्ट १९९३ मध्ये आलं ते इंग्रजी वाक्यासारखं दिसणारं. वाचायला सुरेख, पण नेमकं कोणतं वाक्य चालेल ते लिहिताना आठवत नाही, ही त्याच्याबद्दलची नेहमीची तक्रार. म्हणून वरच्या कार्डात मी 'नाव, मग दोन टिंबं, मग आकडे' असा सांगाडा ठेवलाय. वाक्य कमी, रकाने जास्त. दिसायला रुक्ष आहे, पण कुठे काय लिहायचं ते विचारावं लागत नाही.

८. देवनागरीचं काम आधीच उरका

'हे नंतर बघू' असं ठरवलं की ते शेवटच्या आठवड्यात बोकांडी बसतं.

अंक. एकाच फायलीत ३.५ आणि इंग्रजी आकड्यांतलं तेच, दोन्ही येणार. मराठी कीबोर्डवरही कित्येक जण आकडे इंग्रजी टाकतात. दोन्ही स्वीकारा, दाखवताना एकच ठेवा. पायथनचं इंट हे फंक्शन देवनागरी अंकांची स्ट्रिंग बिनतक्रार वाचतं, जावास्क्रिप्टचं नंबर मात्र 'हा आकडाच नाही' म्हणतं. स्वल्पविराम १,२३,४५६ असा आपल्या पद्धतीने येतो, तीन-तीनचे गट धरून बसू नका.

टिंब. ८.३० म्हणजे दर, एसएनएफ की सकाळचे साडेआठ? आपण वेळही टिंब देऊनच लिहितो. रकाना कशाचा आहे यावरूनच ते ठरवता येतं.

विसर्ग आणि दोन टिंबं. 'ः' आणि ':' पडद्यावर जवळजवळ सारखे दिसतात. 'कपातः' असं टाइप करून वाट बघत बसलेला माणूस तुम्हाला भेटणारच. ओळीतल्या नावाच्या शेवटी विसर्ग आला तर तो दोन टिंबांसारखाच वाचा.

ॲ. 'ॲडव्हान्स'मधला पहिला स्वर एक अक्षर म्हणूनही टाइप होतो आणि 'अ'वर चंद्र देऊनही. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करायची सोय) हे दोन एक करत नाही, तुमचं तुम्हालाच करावं लागतं.

'ऱ्य'चंही तसंच. 'दुसऱ्या'मधला चंद्रकोरीचा र दोन तऱ्हांनी साठवला जातो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक न दिसणारा जोडक. नॉर्मलायझेशन इथेही हात वर करतं. तो अदृश्य जोडक पायथनच्या नावांत चालत नाही, जावास्क्रिप्टमध्ये चालतो.

शेवटचं, आणि यात हमखास वेळ जातो: पायथनच्या अंगच्या रेजेक्समध्ये (मजकुरात नमुना शोधायची सोय) 'शब्दातलं अक्षर' या खुणेत मात्रा आणि काने बसत नाहीत. 'फॅट'चे तुकडे होतात. बाहेरचं रेजेक्स नावाचंच पॅकेज मिळतं ते वापरा, नाहीतर अक्षरांची यादी स्वतः द्या.

९. चूक सांगायची पद्धत

'ओळ ४: अनपेक्षित टोकन' हा संदेश तुम्ही स्वतःसाठी लिहिलेला असतो. सचिवासाठी असा लिहा:

'एसएनएफच्या ओळीत खाली आल्यावर किती कापायचं ते लिहिलेलं नाही. पॉइंटाला काहीच कापायचं नसेल तर ० लिहा.'

कुठे, काय कमी आहे, आता काय करायचं. गप्प जागा रंगवून ठेवल्या होत्या ना, त्यातून हे संदेश थेट निघतात. एल्म भाषेने २०१५ च्या सुमारास संदेशांवर अशी मेहनत घेतली आणि रस्टसारख्या भाषांनी तिचा कित्ता गिरवला.

त्याहून जास्त उपयोग 'का?'चा होतो. ॲमी को आणि मायर्स यांनी २००४ मध्ये व्हायलाइन नावाचं साधन केलं, ज्यात चालून गेलेल्या प्रोग्रॅमला 'हे का झालं?' किंवा 'हे का नाही झालं?' असं विचारता येतं. संस्थेत सभासद हेच विचारायला येतो: 'माझा दर कमी का?' दरावर बोट ठेवलं की '३५ + ०.९० − ०.५०' एवढी ओळ उघडली पाहिजे. आमच्याकडे बाकी कशाहूनही ही सोय जास्त वापरली गेली.

१०. आता पार्सर

पार्सर बनवून देणारी तयार साधनं आहेत: पायथनमध्ये लार्क, जावाच्या जगात अँटलर. मजकुराऐवजी ठोकळे हवे असतील तर ब्लॉकली. लार्कमध्ये वर सांगितलेलं रेजेक्स पॅकेज वापरायचा पर्याय आहे, तो चालू करा. रकान्यांची भाषा असेल तर ओळ दोन टिंबांवर तोडून हातानेही काम होतं. या पायरीबद्दल इंटरनेटवर पाहिजे तेवढं साहित्य आहे, मी थांबतो.

११. परत त्याच लोकांकडे, आणि काही नवीन

पहिल्या भेटीतल्या माणसांना तुमची भाषा थोडी पाठ झालेली असते. म्हणून एक-दोन नवीन सचिव धरा. त्यांना सूचना वाचून दाखवू नका. कामं अशी द्या: नवं दरपत्रक लागू करा, एका सभासदाची उचल थांबवा, मागच्या बिलातली चूक शोधा. मध्ये 'काय विचार करताय?' एवढंच विचारा. कुणी अडला तर मदत करायच्या आधी आतून दहा अंक मोजा.

नियम वापरात आले की एक गोष्ट नक्की होते: दुधाचा दर महिन्याच्या मध्येच बदलतो आणि दहा दिवसांच्या बिलात दोन दर येतात. म्हणून प्रत्येक नियमपत्रकाला 'कधीपासून' ही तारीख सक्तीची करा, सोबत सकाळ की संध्याकाळ हेही. जुनं पत्रक खोडू देऊ नका, फक्त त्याखाली नवं लिहू द्या. आणि मागचं बिल परत काढलं तर ते त्या दिवशीच्याच पत्रकाने निघालं पाहिजे, हे पहिल्याच चाचणीत तपासा.